मूळ गाण्याच्या पुढे जाण्याची मुभा द्या

भांडुपमधील सर्व गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळांचे पदाधिकारी, कार्यकर्ते आणि आपल्या गायन स्पर्धांचे परीक्षक यांस,



टेंभीपाडा, कोकण नगर, गावदेवी, सोनापूर किंवा रुळांपलीकडचे भांडुप गाव, कुठेही गेलो तरी उत्सवातली एक रात्र आता गायन स्पर्धेची असते. कॅराओके ट्रॅक लावायचा, समोरच्या पडद्यावर शब्द धावायचे आणि स्पर्धकाने लता मंगेशकर, आशा भोसले, सुधीर फडके, रफी, किशोर कुमार यांचे एखादे गाणे म्हणायचे, असे त्याचे साधारण रूप आहे. मुले-मुली मेहनत घेऊन येतात, घरचे लोक पहिल्या रांगेत बसतात, आणि तुम्ही वर्गणीतून जमलेल्या पैशांतून हे सारे उभे करता, याबद्दल मनापासून आदर आहे. तक्रार निकालाच्या मापाबद्दल आहे. स्पर्धकाचा आवाज, हरकती, अगदी श्वास घेण्याच्या जागासुद्धा ध्वनिमुद्रणाशी किती जुळल्या, यावर गुण ठरतात. ‘अगदी ओरिजिनल वाटलं’ हे आपल्याकडचे सर्वोच्च कौतुक झाले आहे. या मापाने एक गोष्ट स्पर्धा सुरू होण्याआधीच ठरून जाते: मूळ गाण्याला शंभरपैकी शंभर, आणि बाकी सगळे त्याच्या खाली. मूळ गाण्याच्या पुढे कोणी जाऊ शकेल, ही शक्यताच त्या गुणपत्रिकेत नाही. मराठी संगीताचा इतिहास मात्र नेमके उलटे सांगतो. नंतर गायलेले गाणे आधीच्या गाण्याहून सरस होऊ शकते, अनेकदा झालेले आहे, आणि ते कशामुळे झाले हेही आपल्याला दाखवता येते.

सुरुवात घराघरातल्या उदाहरणापासून करू. गीतरामायण म्हटले की आपल्या कानात एकच आवाज येतो, बाबूजींचा. पेटी घेऊन बसलेले सुधीर फडके आणि ओळीने सगळी गीते. पण १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून जे गीतरामायण सुरू झाले ते असे नव्हते. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या त्या मालिकेसाठी ग. दि. माडगूळकर दर आठवड्याला एक गीत लिहीत, फडके चाल बांधत, आणि ज्या पात्राचे गीत असेल त्या पात्राला शोभेल असा आवाज निवडला जाई. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर अशी कितीतरी नावे त्यात आहेत. बाबूजींच्या वाट्याला त्या ५६ गीतांतला काही भागच आला होता. पुढे त्यांनी सगळी गीते एकट्याने रंगमंचावर गायला सुरुवात केली, त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि लोकांच्या लेखी तेच मूळ गीतरामायण ठरले. म्हणजे ज्याला आपण मूळ समजून पुजतो, त्यातली कित्येक गीते मुळात दुसऱ्याच गायक-गायिकांची आहेत. कौसल्येचा किंवा सीतेचा शोक एका पुरुषाच्या आवाजात ऐकताना आपल्याला काही खटकत नाही. उलट त्याच आवाजात तो आपल्याला खरा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, फडके हे तर त्या गीतांचे संगीतकार. स्वतःचीच चाल स्वतः गाणे ही पुनर्गायनात मोडतच नाही. हा आक्षेप अर्धा खरा आहे. चाल त्यांची होती, म्हणून तिचे बारकावे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होते, हे मान्यच. पण लोकांनी ते रूप उचलून धरले त्यामागे आणखी एक कारण आहे असे मला वाटते, आणि ते माडगूळकरांच्या रचनेतच आहे. गीतरामायणाची चौकट आठवा. रामासमोर त्याचेच दोन मुलगे, कुश आणि लव, त्याची कथा गातात, तिथून हे काव्य सुरू होते. म्हणजे पुढे येणारी सीता, कौसल्या, दशरथ, जटायू, हनुमान ही सारी पात्रे गायकांच्याच मुखातून येतात. आकाशवाणीच्या पहिल्या प्रयोगात प्रत्येक पात्राला वेगळा आवाज मिळाला तेव्हा गीतरामायण श्रुतिकेसारखे झाले, आणि रेडिओला ते साजेसेच होते. एकाच गायकाने सगळी पात्रे गायली तेव्हा ते कथागायन झाले, म्हणजे काव्याच्या चौकटीने जे सुचवले होते तिथे पोहोचले. पहिल्या आवृत्तीत हे घडले नव्हते, दुसऱ्या आवृत्तीत घडले. नंतरची आवृत्ती पुढे जाते ती अशी. शब्दांत आणि चालीत पडून असलेली, पहिल्याने न वापरलेली एखादी शक्यता दुसऱ्याला सापडते. आवाज किती जुळला याचा तिथे प्रश्नच येत नाही.

नाट्यसंगीतात तर हे इतक्यांदा झाले आहे की मूळ गायक कोण, हे विसरूनच आपण ऐकतो. खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. बालगंधर्वांची भामिनी गाजली, तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण नायकाची, म्हणजे धैर्यधराची, पदे आज जाणकाराला विचारा. ‘रवि मी’ म्हटल्यावर तो दीनानाथ मंगेशकरांचे नाव घेईल. दीनानाथांचा जन्म डिसेंबर १९००चा. मानापमानाचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्या पदाचे मूळ गायक ते असूच शकत नाहीत. त्यांनी आपल्या चपळ, तडफदार आणि अनपेक्षित वळणे घेणाऱ्या गायकीने ते पद इतके आपलेसे केले की आधीचे गायक मागे पडले. १९१८ साली निघालेल्या दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीच्या प्रेक्षकांनी पहिल्या धैर्यधराशी साम्य किती, असा हिशेब मांडला असता तर मराठी नाट्यसंगीतातला एक पूर्ण वळणच आपण गमावले असते. आणखी एक लक्षात घ्या. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर वन्समोअर घेत लांबत जाणारे पद तबकडीसाठी कापून, घाईने, भोंग्यासमोर उभे राहून गावे लागे. ज्या ध्वनिमुद्रणाला आपण मूळ आणि अंतिम मानतो, तेसुद्धा रंगमंचावरच्या गाण्याची आखूड केलेली एक आवृत्तीच आहे.

आणखी मागे गेलो तर मूळ हा शब्दच निसटू लागतो. नामदेवांच्या अभंगाची मूळ चाल कोणती? तुकोबांनी इंद्रायणीच्या काठी आपला अभंग कोणत्या सुरात म्हटला? दिंडीत शेकडो लोकांनी चालता चालता म्हणायच्या पारंपरिक चाली आहेत, कीर्तनकारांच्या वेगळ्या आहेत, आणि विसाव्या शतकात राम फाटक, श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या आहेत. फाटकांच्या चालीत भीमसेन जोशींनी नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ गायला आणि आता अनेकांना त्या अभंगाची दुसरी चाल आठवतच नाही. भीमसेनांचे गाणे दिंडीच्या चालीहून सरस आहे का? मैफलीत बसून ऐकायला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विठ्ठलाच्या नावाच्या पुनरुच्चारातली झिंग त्यांच्याइतकी कोणी बाहेर काढलेली नाही. पण पाय दुखत असताना पंढरीच्या वाटेवर तीच चाल सगळ्या दिंडीला पेलणार नाही, तिथे जुनी चालच खरी. सरस ठरवताना ते गाणे कुठे, कोणासाठी आणि कशासाठी गायले जात आहे, हे बाजूला ठेवून चालत नाही. आणि या परंपरेने श्रेयाचा प्रश्न किती सुंदर सोडवला आहे तेही पाहा. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा असते. चाल कितीही बदलो, गायक कोणीही असो, कर्त्याचे नाव प्रत्येक वेळी उच्चारावेच लागते. वामनदादा कर्डकांनी आपल्या भीमगीतांतही ही रीत चालवली. गावोगावच्या गायन पार्ट्यांनी आपापल्या ढंगात त्यांची गीते गायली, आणि शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतच राहिला. गायकाला मोकळीक आणि कवीला मान, दोन्ही एकाच ओळीत साधले. ओव्यांची गोष्ट तर बोलायलाच नको, तिथे प्रत्येक जात्यावरची आवृत्ती हीच मूळ आवृत्ती.

आता आपल्या भांडुपविषयी. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कोकणी माणसांनी हे उपनगर भरले आणि येताना ते आपले भजन घेऊन आले. डबलबारीचा सामना लागला की आजही रात्रभर माणसे हलत नाहीत. समोरासमोर दोन बुवा, दोघांचे पखवाजवाले, झांजा, कोरस, पेटी. स्तवन, अभंग, गौळण आणि शेवटी रंगणारा गजर. बुवा सगळ्यांच्या ओळखीच्या एखाद्या सिनेगीताची चाल उचलतो आणि तिच्यावर विठ्ठलाचे, गणपतीचे किंवा समोरच्या बुवाला टोला देणारे शब्द बसवतो. पहिल्या ओळीला श्रोते चाल ओळखतात आणि माना डोलवतात. पण दाद तिथे मिळत नाही. दाद मिळते ती बुवा त्या चालीतून बाहेर पडतो तेव्हा: तो लय वाढवतो, पखवाजाला मोकळे सोडतो, मूळ गाण्यात वाद्यांनी भरलेली जागा कोरसला देतो, किंवा एका शब्दावर थांबून तोच शब्द चार तऱ्हांनी म्हणून दाखवतो. सिनेमातली चाल तीन-चार मिनिटांत संपणार होती. इथे ती सभामंडपात पंधरा मिनिटे जगते. या मंडपात आजवर कोणी विचारले आहे का, की बुवांचा आवाज रफीसारखा लागला की नाही? असा प्रश्न डबलबारीच्या श्रोत्याला हास्यास्पद वाटेल. त्याला ठाऊक असते की चाल उसनी आहे, आणि उसन्या चालीचे बुवाने काय केले हेच तो ऐकायला बसलेला असतो. अभंगाच्या पावित्र्याला सिनेमाची चाल शोभत नाही अशी टीका जुने लोक करतात, आणि उथळ चाल उथळ शब्दांवर चिकटवली जाते तेव्हा ती टीका रास्तच असते. पण चांगल्या बुवाच्या हातात ती चाल आपल्या जन्मस्थानाहून अधिक श्रीमंत होते, हे ऐकणाऱ्याने ऐकलेले आहे.

म्हणून मला सर्वांत जास्त खंत याची वाटते की, हे शहाणपण आपल्याच श्रोत्यांजवळ आहे आणि आपल्याच मंडपात ते विसरले जाते. ज्या व्यासपीठावर एका रात्री बुवांना उसन्या चालीशी खेळण्याबद्दल नारळ आणि शाल दिली जाते, त्याच व्यासपीठावर दुसऱ्या रात्री एखाद्या मुलीने लताबाईंची एक हरकत बदलली म्हणून तिचे गुण कापले जातात. श्रोते तेच असतात, मंडप तोच असतो, फक्त गुणपत्रिका वेगळी असते.

परदेशातले एक उदाहरण देतो, कारण त्यात हा फरक फार स्वच्छ दिसतो. अमेरिकेत ओटिस रेडिंग या गायकाने १९६५ साली ‘रिस्पेक्ट’ नावाचे गाणे लिहिले आणि गायले. कष्ट करून घरी आलेला पुरुष बायकोकडे मानाची मागणी करतो, असा त्याचा रोख होता. १९६७ साली अरीथा फ्रँकलिन या गायिकेने तेच गाणे घेतले. बोलणारी आता बाई झाली, त्यामुळे मागणीचे सगळे वजन बदलले. तिने त्या शब्दाची अक्षरे सुटी करून म्हटली, मागे गाणाऱ्या मुलींना नवी ओळ दिली, आणि ते गाणे काळ्या लोकांच्या आणि स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीत जाऊन पोहोचले. रेडिंगने त्याच वर्षी माँटेरेच्या महोत्सवात व्यासपीठावरूनच सांगून टाकले की हे गाणे एका मुलीने माझ्याकडून नेले. त्याचा आवाज काही कमी प्रतीचा नव्हता. गाण्यात एक मागणी होती आणि ती करण्याचा अधिक मोठा हक्क दुसऱ्या कोणाकडे होता. अरीथाने रेडिंगसारखे गायचे ठरवले असते तर तिच्या आवृत्तीची आज आठवणही उरली नसती. सत्तरीतल्या जॉनी कॅश या गायकाने २००२ साली ‘हर्ट’ गायले तेव्हाही हेच झाले. तरुण संगीतकाराने १९९४मध्ये केलेल्या त्या गाण्यातला पश्चात्ताप, आयुष्य सरत आलेल्या माणसाच्या तोंडी वेगळाच जड झाला.

पण प्रत्येक गाण्याच्या पुढे जाता येतेच असे मी म्हणत नाही, आणि इथे प्रामाणिक राहणे गरजेचे आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ साली आले. जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्या नाटकाच्या पोटातच आपला विषय आहे: ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद तिथे दोन चालींत येते, एक संथ, आणि एक खाँसाहेबांची, झेप घेणारी. तेच शब्द, दोन घराणी, दोन स्वभाव. एका पदाला एकच बरोबर रूप असते, असे मानणाऱ्याने हे नाटक पाहावे. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. शंकर महादेवन, महेश काळे आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी ती पदे गायली, आणि नाटकाचे नावही न ऐकलेल्या पिढीपर्यंत ती पोहोचली. हे मोठेच काम झाले. तरीही खाँसाहेबांच्या पदांत वसंतरावांच्या पुढे कोणी गेलेले नाही, असे माझे मत आहे. याचे कारण भावनिक नाही. अभिषेकींनी त्या चाली वसंतरावांच्या गळ्यासाठीच केल्या होत्या. अचानक सुटणारी तान, स्वराला दिलेला धक्का, लयीशी घेतलेला धोका हे सगळे त्या बांधणीतच आहे. ज्या गाण्याची सारी शक्यता पहिल्याच गायकाने वापरून टाकली आहे, तिथे नंतरच्याला फार थोडे उरते. काळे यांना त्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘अरुणी किरणी’ या नव्याने केलेल्या गाण्यासाठी, जुन्या पदासाठी नव्हे, हेही मला बोलके वाटते.

दुसरी मर्यादा भाषेची. ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ २०१६ साली आले आणि तुमच्या प्रत्येक मिरवणुकीत वाजले. दोन वर्षांनी ‘धडक’साठी त्याची हिंदी आवृत्ती झाली. संगीतकार तेच अजय-अतुल, चाल तीच, ठेका तोच. साधनांची कमतरता तर नव्हतीच. तरी ते गाणे मूळ गाण्याच्या जवळपासही आले नाही, कारण त्या चालीचा जीव करमाळ्याकडच्या पोराच्या बोलीत होता. हिंदीत नेताना चाल राहिली आणि बोलणारा हरवला. म्हणजे सगळे जुळवूनही गाणे मागे पडू शकते आणि बरेच बदलूनही पुढे जाऊ शकते. साम्याच्या रकान्याने गाण्याची प्रत मोजता येत नाही, याचा याहून सोपा पुरावा मला देता येणार नाही.

साम्यालाच धंदा करून पाहिल्याचा इतिहासही आपल्यासमोर आहे. १९८०च्या दशकापासून गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने जुनी लोकप्रिय गाणी नव्या गायकांकडून जशीच्या तशी गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटींतून विकली. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे, पण तेव्हाच्या कायद्यात पुन्हा गाऊन घ्यायला वाट होती. त्या कॅसेटींनी गाणे गरिबाच्या घरात नेले, सोनू निगमसारख्या गायकाला रफींची गाणी गात उमेदवारी करता आली, हे श्रेय नाकारू नये. पण त्या शेकडो आवृत्त्यांतली आज किती आठवतात? त्यांचे उद्दिष्ट मूळ गाण्याची जागा भरण्याचे होते. मूळ कॅसेट हाताशी आली की त्यांचे काम संपले. पुढे २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ३१-सी आले. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे, हक्कधारकाला आगाऊ मानधन द्यावे, वेष्टनावरून मूळ गायकाचा भास निर्माण करू नये आणि शब्द-चालीत अनावश्यक बदल करू नये, असे ते सांगते. कवी-संगीतकारांच्या संरक्षणासाठी हे कलम आवश्यक आहे. पण ते बाजारात विकायच्या ध्वनिमुद्रणांसाठी आहे. मंडपातल्या परीक्षकाने कायद्याची ही सावधगिरी आपल्या रसिकतेची कसोटी करून घेऊ नये.

तुमच्यातले जाणते लोक इथे म्हणतील, संगीतकाराचे काय? खळ्यांची चाल आहे, तिच्यातली एक श्रुती इकडची तिकडे झाली तरी इमारत हलते; मग आजच्या मुलांना मोकळीक दिली तर ती चालीची मोडतोड करतील. हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे. खळे, हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींत हरकत हे चालीचे हाडच असते, ती गाळली तर गाणे बदलले असे होत नाही, मोडले असे होते. म्हणून ज्याला बदल करायचा आहे त्याला आधी मूळ चाल नीट आलीच पाहिजे, आणि परीक्षकाला ते तपासता आले पाहिजे. पण शब्दोच्चार, लय, स्वराचा लगाव, कुठे आवाज दाबायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, कोणत्या शब्दावर वजन द्यायचे, या सगळ्या जागा चाल न मोडता गायकाच्या असतात. तिथेच तो लताबाईंहून वेगळा अर्थ ऐकवू शकतो. शिवाय चाल चांगली म्हणजे काय? अनेक गळ्यांतून गेली तरी जी टिकते, ती. एकाच गळ्यात जिवंत राहणाऱ्या चालीहून मी तिला मोठी मानतो.

दुसरे लोक म्हणतील, नकलेशिवाय कोणी शिकतो का? नाही शिकत. गुरूच्या समोर बसून गुरूसारखेच गायचे, हीच आपली तालीम आहे. आनंद भाटे लहानपणी बालगंधर्वांची पदे इतकी हुबेहूब गात की त्यांना ‘आनंद गंधर्व’ म्हटले जाऊ लागले. पण तेच भाटे पुढे वर्षानुवर्षे भीमसेन जोशींकडे शिकले, आणि २०११च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा गंधर्व गायकीला किराणा घराण्याची तालीम मिळालेला एक प्रौढ गळा गात होता. नकलेतून ते निघाले, तिथे थांबले नाहीत. त्यामुळे बालगटाला तुम्ही साम्यावर गुण देत असाल तर माझी हरकत नाही. मुलांनी जसेच्या तसे गायला शिकावे. पण खुल्या गटातल्या चाळिशीच्या गृहिणीकडून, रिक्षा चालवून तालमीला येणाऱ्या गायकाकडून आपण आयुष्यभर शिशुवर्गाचीच परीक्षा का घ्यावी?

राहिला तो आक्षेप बहुधा सगळ्यात खरा आहे, जरी तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. लोकांना तेच आवडते. ओळखीचा आवाज ऐकू आला की टाळ्या पडतात. ऑर्केस्ट्राच्या फलकांवर ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ किशोर’ असे लिहिले की गर्दी होते. आठवणीचा ओढा मोठा असतो, हे खरे आहे. ज्या रूपात गाणे पहिल्यांदा कानावर पडले तेच रूप आपल्याला बरोबर वाटते. पण यातच उत्तरही आहे. ज्याने गीतरामायण पहिल्यांदा बाबूजींकडून ऐकले त्याला माणिक वर्मांची गीते नंतरची वाटतील, जरी ती आधीची असली तरी. म्हणजे हे प्रेम मूळ गाण्यावरचे नाही, आपल्या पहिल्या ऐकण्यावरचे आहे. त्या प्रेमाला नावे ठेवायचे कारण नाही. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसताना ते बाजूला ठेवायला हवे. आणि श्रोत्यांची टाळी म्हणाल तर हुबेहूब आवाजाचे नवल पहिल्या कडव्यापुरते असते. दुसऱ्या कडव्यापासून माणसे मोबाइल काढतात, कारण हेच गाणे, याहून चांगले, त्या मोबाइलमध्ये आहे.

म्हणून येत्या उत्सवासाठी काही मागण्या करतो. खुल्या गटाच्या गुणपत्रिकेत मूळ गाण्याशी साम्याला जागा असू नये. सूर, लय, शब्दोच्चार आणि मूळ चालीचे ज्ञान यांना गुण द्या, आणि गायकाने गाण्यातून नवे काय ऐकवले याला त्या प्रत्येकाइतकेच गुण द्या. ट्रॅकची सक्ती काढा. ट्रॅकची लय ठरलेली, पट्टी बहुधा मूळ गायकाची, मधल्या संगीताची लांबी ठरलेली. त्यात गायकाला वळायलाही जागा नसते. आपल्या भागात भजनी मंडळांना तोटा नाही. एक पेटीवाला, एक तबलावादक आणि एक पखवाजवाला संध्याकाळभर बसवला तर कॅराओकेच्या यंत्रणेहून फार जास्त खर्च येणार नाही, आणि गायकाला आपल्या पट्टीत, आपल्या लयीत गाता येईल. परीक्षकांत एखाद्या जाणत्या भजनी बुवाला बसवा. उसन्या चालीचे काय करता येते हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? स्पर्धकाने काही बदल केला असेल तर गाण्याआधी एका वाक्यात त्याला सांगू द्या की त्याने काय बदलले आणि का. ज्याला कारण सांगता येत नाही त्याचे गुण खुशाल कापा.

शेवटची मागणी निवेदकासाठी. आपल्या मंडपात गाण्याची घोषणा होते ती ‘लतादीदींचं गाणं’, ‘किशोरदांचं गाणं’ अशी. कवीचे नाव नाही, संगीतकाराचे नाही, आणि गाणे आधी दुसऱ्याच कोणी गायले असेल तर त्याचे तर नाहीच. अभंगात कर्त्याचे नाव शेवटच्या चरणात आपोआप येते. सिनेगीतात, भावगीतात ते आपल्याला मुद्दाम घ्यावे लागेल. प्रत्येक गाण्याआधी कवी, संगीतकार, पहिला गायक आणि मग आज गाणारा, अशी चार नावे घेतली जावीत. त्यातले चौथे नाव टेंभीपाड्यातल्या एखाद्या मुलीचे असेल. ते नाव इतर तिघांच्या ओळीत, त्याच आवाजात, तेवढ्याच स्पष्टपणे घ्या.



आपला,
एक भांडुपकर श्रोता